घराण्याचा खांदा

रविवारी लाँड्री बंद असे, आणि बंद लाँड्रीतली शांतता इतर शांततांहून वेगळी असते. आठवडाभर वाफ पिऊन फुगलेल्या भिंती त्या दिवशी हळूहळू आपल्या मापात येतात. तारेवर टांगलेले लोकांचे शर्ट आणि कोट आपापल्या मालकांच्या आकाराची पोकळी अंगात घेऊन निमूट उभे राहतात. मागच्या खोलीतल्या इस्त्रीच्या लांब टेबलावर दादाने चादर पसरली होती, म्हणजे ते आता जेवणाचे टेबल झाले होते. त्या टेबलापाशी कांजी लग्नाआधीपासून उभी राहत आली होती, लग्नानंतरही. आज तिला खुर्ची दिली होती आणि पाठीला उशी. आपण आजारी आहोत हे त्या उशीने तिला जितके लख्ख सांगितले, तितके केमोच्या सुईनेही कधी सांगितले नव्हते.

कांजी हे नाव वडिलांनी ठेवलेले. लहानपणापासून तिची मान अशी ताठ, की कांजीत बुडवून वाळत घातल्यासारखी वाटे. ते गेले, नाव राहिले.

येत्या गुरुवारी तिचा उजवा स्तन काढणार होते आणि त्याबरोबर काखेतल्या गाठीही. केमो संपली होती. डोक्यावर तान्ह्या बाळासारखी लव उगवू लागली होती, तोंडातले फोड सुकले होते. बोटांच्या टोकांना येणाऱ्या मुंग्या मात्र गेल्या नव्हत्या. त्यांनीच तिचा धंदा बुडवला. इस्त्रीचा ताव ती ओल्या बोटाने जोखायची. आता बोट चुरचुरले तरी तिला उशिरा कळे, आणि तोवर एखाद्याच्या रेशमी बाहीवर तपकिरी होडी उमटलेली असे. गुरुवारनंतर तर तो हात जन्मभर जपायचा होता. भाजायचा नाही, जड उचलायचे नाही. इस्त्रीवालीला हे सांगणे म्हणजे माशाला ओले होऊ नकोस म्हणण्यासारखे होते.

"वन्सं, दुकानाची काळजी करू नका," वहिनी ताटल्या मांडत म्हणाली. "टेबलावर माणूस ठेवायचं बघतोय आम्ही. तुमच्यासारखी कॉलर जमणार नाही म्हणा कुणाला. पण लोकांना काय, मानेला टोचली नाही म्हणजे झालं."

"माझी कधी टोचली नाही."

"मी कुठं म्हटलं टोचते? बघा बाई, हल्ली काही बोलायची सोय नाही."

"तू बोल गं मामी," शिट्टी म्हणाली. "तुझ्या जिभेला कुठं इस्त्री लागते!"

शिट्टी कांजीची एकुलती एक मुलगी; पाळण्यात रडायची ती चौथ्या घरी ऐकू जाई. तिचे वडील जहाजावर आचारी होते. ते नेमाने फोन करत, हवापाण्याचे सांगत, आणि ऑपरेशनचा विषय निघाला की त्यांच्या समुद्रातली रेंज नेमकी जात असे.

भिंतीला टेकून आत्या बसली होती. वडिलांची ही धाकटी बहीण शहराच्या पलीकडच्या टोकाला एकटी राहायची. ऑपरेशनच्या दिवसांत घरात कुणीतरी जाणते हवे म्हणून दादा तिला सकाळीच घेऊन आला होता. गाठोडे मांडीवरून खाली ठेवायला ती अजून तयार नव्हती.

"दादा," कांजी म्हणाली, "शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी परत तेच का विचारलं असेल रे?"

"काय?"

"घरात आणखी कुणाला होतं का. आईकडे, वडिलांकडे."

"त्यांचं कामच आहे विचारायचं." दादा पाव कापत होता. सगळे काप सारख्या जाडीचे. "सांगितलं ना मी."

सांगितले होते खरे. पहिल्या भेटीत, गाठीचा तुकडा तपासून आला त्या दिवशी, कांजीच्या कानांत नुसता समुद्र गरजत होता, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून दादानेच उत्तर दिले होते: "छे हो. आमच्याकडे बायकांचं दुखणं एकच, खांदा." शुक्रवारीही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, नीट आठवून सांगा, कारण कुणाला असेल तर आधी यांच्या रक्ताची एक वेगळी तपासणी करू. एकच बाजू काढायची की दोन्ही, ते त्यावर ठरेल, आणि मुलीचंही बघावं लागेल. दादा हसून म्हणाला होता, "खांदाच. धंदाच तसा आहे."

त्यात घरच्या माणसाला खोटे वाटावे असे काही नव्हते. आजी खांद्याने गेली. थोरली आत्या खांद्याने गेली. या घरातल्या बायका हातात इस्त्री घेऊन वाढत आणि पन्नाशीच्या आसपास त्यांचा खांदा धरे, मग हात सुजे, मग त्या अंथरूण धरत. हे सारे हवामानासारखे गृहीत होते. म्हणून तर आंघोळ करताना काखेच्या उताराला गाठ लागली तेव्हा कांजी घाबरली नव्हती. उलट तिला कसलासा मान मिळाल्यासारखे वाटले होते. आता आपणही या घरातली मोठी बाई झालो, आपल्यालाही घराण्याचा खांदा आला. रोज झोपताना ती तिथे गरम तेल चोळत राहिली. एक ऋतू गेला, दुसरा सरत आला. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "इतके दिवस काय करत होतात?" तेव्हा तेल म्हणायची तिला लाज वाटली होती.

"आई, सूप वाढायच्या आत व्यायाम करून घे," शिट्टी म्हणाली. "नाहीतर मग जेवण झालं म्हणशील."

कांजी उठली. ऑपरेशननंतर हात आखडू नये म्हणून व्यायामवाल्या बाईंनी आधीच शिकवून ठेवले होते: भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि दोन बोटे भिंतीवरून पावलापावलाने वर न्यायची. ती आत्याशेजारच्या मोकळ्या भिंतीपाशी गेली. तर्जनी, मधले बोट, तर्जनी, मधले बोट. मुंग्या आलेली बोटे चुन्यावरून वर निघाली.

आत्याने मान वर करून पाहिले आणि तिचा चेहरा एकाएकी मऊ झाला.

"आईसुद्धा अशीच चालवायची," ती म्हणाली. "पण तिचा हात कपाळाच्या वर जायचाच नाही गं. ती बाई रागवायची तिला. म्हणायची, रोज एक वीट वर."

"कोण बाई?"

"ती नर्स. पट्टी बदलायला यायची बघ, ती..."

आत्याने गाठोडे पोटाशी घट्ट धरले.

कांजीची बोटे भिंतीवर होती तिथेच राहिली. आणि मग तिला आजी दिसली: याच खोलीत, वाफेच्या धुक्यात, भिंतीला नाक लावून उभी, दोन बोटांची मुंगी करून ती वर चढवते आहे, आणि दादा व कांजी दोघे चिमुकले तिच्या पायांशी ओरडताहेत, "मुंगी पडली! मुंगी पडली!" मुंगी पडली की आजी हसायची. डोळे पुसून हसायची. मुलांना वाटे, फार हसल्यामुळे पाणी येते.

"आत्या," कांजी म्हणाली, "खांद्याला पट्टी कशाची?"

"मला मेलीला कुठं आठवतंय आता."

"वीट आठवते, आणि पट्टी नाही?"

"सूप गार होतंय," दादा म्हणाला.

"होऊ दे. आजीचं काय काढलं होतं?"

आत्याने उत्तर देण्याआधी दादाकडे पाहिले. ती नजर कांजीच्या चांगल्या ओळखीची होती. एखादा डाग निघणारच नाही हे कळले, की कामावरची माणसे गिऱ्हाइकाला सांगण्याआधी मालकाकडे अशीच बघतात. सांगायचे की नाही? की घडीच अशी घालायची, की डाग आतल्या बाजूला जाईल?

"तुला माहीत आहे," कांजी म्हणाली. ती आत्याशी बोलत नव्हती.

दादाने सुरी खाली ठेवली. "बाबांनी सांगितलं होतं. शेवटच्या आजारात. आजीला तेच होतं, आणि थोरल्या आत्यालाही. म्हणाले, बायकांना कळू देऊ नकोस, घाबरतील."

"मी नाही रे घाबरले, दादा," कांजी म्हणाली. "मी तेल लावत बसले."

बाहेर तारेवरचा एखादा हँगर किंचित फिरला असावा. लोखंडाचा बारीक आवाज झाला.

"पहिल्यांदा विचारलं तेव्हा सांगायचंस. निदान शुक्रवारी."

"आमच्या बाहुलीचं लग्न जमत होतं त्याच सुमाराला." दादाचा आवाज कापडासारखा सपाट होता. "ते लोक चौकशी करत होते, घरात काही आहे का म्हणून. आणि तुझं तर झालंच होतं ना. सांगून तुझं काय परत येणार होतं?"

तुझं तर झालंच होतं. कांजीने ते वाक्य मनाशी उलटून पाहिले, शिवण तपासावी तसे. कुठेही टाका सुटलेला नव्हता. त्यात द्वेष नव्हता, हीच त्याची सगळ्यात वाईट गोष्ट होती. भावाने हिशेबीपणाने, मायेनेसुद्धा, तिला गेलेल्या कपड्यांत टाकले होते आणि उरलेल्यांना वाचवायला निघाला होता.

"मामा," शिट्टी हळू म्हणाली, आणि तिचा हळू आवाज कुणी कधी ऐकलेला नसल्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिले. "माझंही झालंच होतं का?"

"तसं नाही गं बाळा."

"आणि माझ्या मुलीचं?" वहिनी उभी राहिली होती. हातातला डाव तसाच, सूप चादरीवर गळत होते. "अहो, माझ्याशी बोला. बाहुली कुणाच्या रक्ताची आहे?"

"ते बायकांमधून येतं," दादा म्हणाला. "आईकडून लेकीला..."

"पुरुषांमधूनही येतं," शिट्टी म्हणाली. "म्हणून तर वडिलांकडचं विचारतात. आजोबांकडून तुझ्यात आलं असेल, आणि तुझ्याकडून बाहुलीत. असेलच असं नाही. पण असू शकतं."

"इतकी वर्षं एका ताटात जेवले मी तुमच्याबरोबर!" वहिनीचा आवाज चढला. "तुमची आजी, तुमची आत्या, सगळ्यांची श्राद्धापुरती नावं पाठ केली, आणि मेल्या कशानं हे मला ठाऊक नाही? पोटची पोर माझी. तिला काही झालं असतं तर तिलाही तेलच चोळायला लावणार होतात? जन्मभर लोकांचे डाग काढता, आणि घरचे मात्र घडीत! वन्सं, मी तुमच्या बाजूनं आहे. माझ्याशी कसंही वागा, पण या बाबतीत मी तुमच्या बाजूनं."

कांजीला त्या क्षणी तिच्याविषयी खरोखर माया वाटली. इतक्या वर्षांच्या टोमण्यांखाली असे काही शिल्लक असेल असे तिला वाटले नव्हते. ती वहिनीचा हात धरायला पुढे झाली, आणि वहिनीचा फोन वाजला.

वहिनीने पडद्यावर पाहिले. बाहुलीच्या होणाऱ्या सासूबाई. त्या दोन गल्ल्या सोडून राहायच्या; त्यांच्या घरचे कपडेही इथेच येत. वहिनीने डाव ठेवला, हात पदराला पुसला, घसा साफ केला. या तीन हालचालींत तिचा आवाज इतका बदलला, की शिट्टीने आईकडे पाहिले.

"हो, बोला ना... अय्या, नाही हो, जेवतच होतो सगळे... हो, गुरुवारी आहे वन्सांचं." पलीकडून काय विचारले गेले ते खोलीतल्या सर्वांना कळले. वहिनीचे डोळे चादरीवरच्या सुपाच्या डागावर स्थिर झाले. "खांद्याचं. हो ना, काम तसं आहे आमचं... फ्रोझन शोल्डर म्हणतात ना, तेच. आमच्याकडे आहेच ते पहिल्यापासून."

फोन ठेवल्यावर तिने कुणाकडेच पाहिले नाही.

"मामी," शिट्टी म्हणाली, "फ्रोझन?"

"मग काय सांगू? पोरगी बर्फात ठेवल्यासारखी जन्मभर घरात बसवू?" वहिनी एकदम रडू लागली. "लग्न होऊन जाऊ दे. मग तपासेन मी तिला, मी स्वतः नेईन. आधी नाही. आधी कुणीही माझ्या पोरीला काही सांगायचं नाही. वन्सं, शपथ आहे तुम्हाला."

कांजी खुर्चीवर बसली. उशी काढून तिने टेबलावर ठेवली. परक्या घरातून आलेली ही बाई, घटकाभरापूर्वी तिला 'खांदा' या शब्दाचा खरा अर्थही ठाऊक नव्हता. आणि पाहता पाहता तिने तो असा उचलला, जणू माहेरूनच घेऊन आली असावी. कुणी कुणाला शिकवत नव्हते. तो ज्याला लागे त्याच्या हाताला आपोआप येत होता. आणि कांजीला हेही कळले, की बोलायचे तर उद्याच. गुरुवारी आपण बेशुद्ध असू, आणि शेजारच्या खुर्चीवर पुन्हा दादा असेल.

"आत्या," ती म्हणाली, "उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात चल. डॉक्टरीणबाईंना तू सांग. पाहिलेलं माणूस तूच एक उरलीस."

"मी नाही येत."

"का?"

"मला तो शब्द म्हणता येत नाही."

"आत्या, नुसतं आजीला काय झालं होतं ते..."

"कधी म्हटलाच नाही तर येणार कुठून? आई जायच्या आधी आम्हाला दरडावलं होतं तिनंच. पोरींनो, खांदा म्हणा. चारचौघांत अंगाचं नाव घेऊ नका." आत्याचे ओठ एकदा जुळले, सुटले, आणि नुसती हवा बाहेर आली. "बघ. नाही येत."

"मग तिथं काय करशील? गप्प बसशील?"

आत्या गाठोड्याच्या गाठीशी चाळा करत राहिली. मग तिने ते पहिल्यांदाच मांडीवरून खाली ठेवले, आणि मोकळा झालेला हात सावकाश आपल्या डाव्या छातीवर नेला. तो तिथे ज्या सवयीने, ज्या नेमक्या जागी जाऊन टेकला, ते पाहून कांजीच्या पाठीतून वाफ निघून जावी तसे काहीतरी निघून गेले.

"दाखवीन," आत्या म्हणाली.

शिट्टीच्या तोंडून एक अर्धवट आवाज आला. दादा उभा राहिला, पुन्हा बसला.

कांजी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. विचारावे न विचारावे करत तिने हात पुढे केला. आत्याने अडवले नाही. बधिर बोटांना काहीच कळेना. म्हणून तिने तळवा टेकवला. तळव्याला कळले. ती गाठ सुपारीएवढी नव्हती. कांजीच्या स्वतःच्या गाठीपेक्षा ती कितीतरी मोठी, कितीतरी जुनी होती, आणि वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी ओढली गेली होती.

"कधीपासून?"

"तुझं कळलं त्याच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस!"

"कसं बोलू? तुझी धावपळ चाललेली. म्हटलं, तुझं पार पडू दे." आत्या ओशाळून हसली, पाहुणचाराला नाही म्हणताना हसावे तशी. "एका घरात एकदम दोन खांदे कशाला दुखवायचे."

कांजीला रडू आले असते तर बरे झाले असते. आला तो राग. आत्याचा राग, आजीचा, भिंतीकडे तोंड करून हसणाऱ्या त्या सगळ्या जन्माचा. ती उठली ती टेबलाचा आधार घेऊन, आणि उठताना तिची मान पूर्वीसारखी ताठ होती.

"दादा, उद्या दुकान बंद."

"सोमवारी?" त्याही अवस्थेत दादा दचकला. रविवारचे सारे मैले कपडे सोमवारी येत.

"सोमवारी. आपण सगळे जातोय. आत्या, मी, शिट्टी. तू येणार, बाबांनी काय सांगितलं ते तुझ्या तोंडानं सांगणार. बाहुली आज संध्याकाळी घरी आली की तिला मी सांगते."

"वन्सं, मी शपथ घातलीय!"

"मी घेतली नाही, वहिनी. ती मोठी आहे. लग्न कधी करायचं, रक्त कधी द्यायचं, तिचं ती ठरवेल. तेल लावत बसायचं तर तेही. पण माहीत असताना."

दादा पुढच्या दुकानात गेला. सगळे त्याच्या मागोमाग गेले, का ते कुणालाच सांगता आले नसते. दारापाशीचा छोटा फळा त्याने खुंटीवरून काढला. अवेळी दुकान बंद ठेवायचे तर कारण लिहायचे, ही बाबांची शिस्त होती. लोकांचे कपडे आपल्याकडे अडकलेले असतात, ते म्हणत, त्यांना कारण द्यावे लागते. दादाने वळणदार अक्षरात लिहिले: सोमवारी दुकान बंद. मग खाली, कारणाच्या जागी, त्याचा खडू टेकला आणि तिथेच राहिला. एक पांढरा ठिपका वाढत गेला.

"काय लिहू?" त्याने विचारले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि कांजीला त्याची दया आली नाही. ती पुढे कधीतरी येईल, तिला वाटले, आज नाही.

"घरगुती कारण लिहा," वहिनी म्हणाली. "अहो, घरगुती लिहा. बाहुलीच्या सासरचा ड्रायव्हर सकाळीच येतो कपडे घेऊन."

कांजीने दादाच्या हातातून खडू काढून घेतला. तो बोटांत धरला आहे हे तिला स्पर्शाने कळत नव्हते, डोळ्यांनी पाहूनच कळत होते. म्हणून तिने तो मुठीत धरला आणि लहान मुलासारखी मोठी, वेडीवाकडी अक्षरे काढली.

"मोडलंत," वहिनी म्हणाली. "माझ्या पोरीचं लग्न या फळ्यावर मोडलंत तुम्ही."

तसे होणार नाही, असे कुणी म्हणाले नाही. तसे होणे सहज शक्य होते. शिट्टीने आईच्या हातातून फळा घेतला, दार उघडले आणि तो भर दुपारच्या रस्त्यावर, बाहेरच्या खिळ्याला टांगला.

सोमवारी दुकान बंद. घरात कॅन्सर आहे. मंगळवारी उघडू.